तेरेखोलच्या किल्ल्यात दोन रात्री

किल्ल्यावर मुक्काम करणं हे अप्पांना काही नवीन नाही. राजगडावर पद्मावतीच्या देवळात ते किती वेळा झोपलेत याची मोजदाद नाही, पावसात, थंडीत, कधी नुसती सतरंजी आणि उशाला सॅक. पण पैसे भरून, पांढऱ्या चादरीच्या पलंगावर किल्ल्यात झोपायचं हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यामुळे मी फोनवर सांगितलं की अप्पा, आपण तेरेखोलला जातोय आणि किल्ल्यातच राहणार आहोत, आत हॉटेल आहे, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मग "किल्ल्यात हॉटेल?" एवढंच म्हणाले.

त्याला कारण होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे किल्ले हॉटेलसाठी भाडेकरारानं देणार अशी बातमी आली होती, आठवत असेल. काय गदारोळ झाला होता! मग सरकारकडून खुलासा आला की छत्रपतींच्या इतिहासाशी जोडलेले संरक्षित किल्ले यात नाहीतच, दुसऱ्या वर्गातल्या किल्ल्यांचा विचार आहे वगैरे. अप्पा तेव्हा आठवडाभर नीट जेवले नव्हते. त्यांचं म्हणणं एकच होतं, जिथे माणसं मेली तिथे लग्नाच्या पार्ट्या करायच्या का? आणि मला खरं सांगायचं तर तेव्हाही त्यांचं पटलं होतं, आजही बरंचसं पटतं. तरीही तेरेखोलचं बुकिंग केलं, कारण हा किल्ला लहानपणापासून शिरोड्याला जाताना लांबून बघितलेला होता, खाडीच्या तोंडावर टेकडीवर बसलेला, आणि आत एकदा तरी रात्र काढायचीच असं मनात कुठेतरी होतं. अप्पा शेवटी तयार झाले, पण अट घालूनच. "आधी यशवंतगड बघायचा, मग तुझं हॉटेल."

कोल्हापूरहून आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी, मग मळेवाडवरून शिरोडा. हा रस्ता आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. आरवलीला वेतोबाला थांबलो, केळ्याचा घड वाहिला, अप्पांनी तिथल्या त्या मोठ्या मोठ्या चपलांकडे नेहमीसारखंच हात जोडून बघितलं. शिरोड्यात मिठागरांजवळ गाडी दोन मिनिटं थांबवायला लावली, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला हे ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी मी ऐकते. तिथून रेडी म्हणजे अगदी जवळ.

यशवंतगडाबद्दल काय लिहू. रेडीच्या खाडीकडेला, झाडीत लपलेला किल्ला. जांभ्या दगडाच्या भिंती आणि त्यांच्यावर वडाची मुळं अशी उतरलीयत की कुठे भिंतीनं झाड धरलंय आणि कुठे झाडानं भिंत, कळत नाही. खंदक आहे, दरवाज्यांमागून दरवाजे आहेत, आत खोल्याच खोल्या, सगळ्या बिनछपराच्या, वर नुसतं आभाळ. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक माणूस नव्हता. अप्पा एका चौकटीत उभे राहिले, दगडाला हात लावला आणि हाताला लाल भुकटी लागली ती बघत राहिले. जांभ्याचं हेच असतं, नवा चिरा काढला की मऊ असतो, हवेवर कडक होत जातो, पण वर छप्पर नसलं आणि कोकणातला पाऊस दर वर्षी आत शिरत राहिला की तोही हळूहळू सुटायला लागतो. त्यात मुळं घुसली की मग विचारायलाच नको. मी फोटो काढत होते, फोटो फार सुंदर आले, ही मुळं फोटोत फारच छान दिसतात. अप्पा म्हणाले, "सुंदर दिसतंय खरं. पण हे सगळं पडायला आलंय गं." त्यानंतर गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत.

तिथून तेरेखोल म्हणजे गाडीनं थोडाच वेळ. आता ही गंमत नकाशात बघा एकदा. तेरेखोल गाव आणि किल्ला गोव्यात, पण नदीच्या उत्तर काठावर. बाकीचा सगळा गोवा दक्षिण काठावर. म्हणजे रस्त्यानं तेरेखोलला जायचं तर महाराष्ट्रातूनच जावं लागतं आणि गोव्यातून यायचं तर केरीहून फेरीबोटनं नदी ओलांडावी लागते. बांद्याकडून वाहत येणारी ही नदी इथे समुद्राला मिळते आणि बरोबर त्या तोंडावर किल्ला. हा मुळात सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला. नदीतून आत बांद्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर इथून नजर ठेवता यायची. मग नोव्हेंबर १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला, तेव्हाचा त्यांचा व्हाइसरॉय पुढे मार्किस ऑफ आलोर्ना म्हणून ओळखला गेला. पोर्तुगीजांना नदीपलीकडचा पेडणे महाल मिळाला तो १७८८ मध्ये, म्हणजे मधली चाळीसेक वर्षं हा किल्ला आजूबाजूच्या सावंतांच्या मुलखात पोर्तुगीजांचं एकटं ठाणं होता. नकाशावरचा हा विचित्र तुकडा असा तयार झाला, आणि तो आजपर्यंत तसाच राहिला. अप्पांना हे सगळं ठाऊक होतं, मला गाडीत नव्यानं कळलं.

दारात पोचलो तर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे किल्ला लहान आहे. मी उगाच काहीतरी प्रचंड डोक्यात धरलं होतं. उतारावर बसलेला, पिवळसर आणि पांढऱ्या रंगाचा, एका नजरेत मावणारा. दरवाजातून आत गेलं की समोर अंगण आणि अंगणात मधोमध चर्च. चर्च कोपऱ्यात वगैरे नाही, अंगणाचा जीवच ते आहे, त्याच्या भोवती जेमतेम चालायला जागा. किल्ला घेतल्यावर पोर्तुगीजांनी इथे होली ट्रिनिटीचं चॅपल बांधलं, त्याचंच पुढे सेंट अँथनीचं चर्च झालं. एरवी ते बंद असतं, गावाचं फेस्त (चर्चचा वार्षिक सण) असतं तेव्हा उघडतं. मला हे फार आवडलं की हॉटेल आलं तरी चर्च गावाचंच राहिलं. फेस्ताच्या दिवशी गाव किल्ल्यात येतं, आणि त्या दिवशी हॉटेलातल्या पाहुण्यांनी बाजूला व्हायचं.

रूम एकूण सातच. आणि त्यांना नंबर नाहीत, आठवड्याच्या वारांची नावं आहेत. आम्हाला गुरुवार मिळाला. अप्पा चाळीस वर्षं गुरुवार करतायत, दत्ताचा. ते नाव ऐकून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

रूमबद्दल सांगते. आत गेल्यावर मी आधी पलंग नाही बघितला, खिडकी बघितली. खिडकी म्हणजे भिंतीत खोल गेलेला कोनाडाच, इतकी जाड भिंत की त्या कोनाड्यात मांडी घालून बसता येतं, मी बसलेच. बाहेरून किल्ला छोटा दिसतो त्याचं कारण मला तिथे बसल्यावर कळलं, जागा सगळी भिंतींनी खाल्लीय. भर दुपारी आत गारवा होता. भिंतीला हात लावला तर चुन्याच्या हातामागे दगडाचा खडबडीतपणा लागत होता, पूर्ण गुळगुळीत केलेली नव्हती, आणि एका ठिकाणी कोपऱ्यात गिलावा जरा कमी होता तिथे जांभ्याची ती भोकं दिसत होती. सकाळी यशवंतगडावर जो दगड हाताला भुकटी लावत होता तोच दगड. सावंतवाडीकरांच्याच मुलखातले दोन किल्ले, हाकेच्या अंतरावर, एकाच जातीच्या दगडाचे. इथे वर कौलं होती, चुना होता, दर पावसाळ्याआधी कोणीतरी शिडी लावून वर चढत असणार. अप्पांनी तिथे उभं राहून छताकडे बराच वेळ बघितलं. मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी तटावर बसलो. जेवायची जागा तिथेच आहे, समोर अरबी समुद्र, डावीकडे खाली नदी, नदीपलीकडे केरीचा किनारा आणि सुरूची झाडं. वाढायला आलेला मुलगा रेडीचाच निघाला. अप्पांनी मालवणीत सुरुवात केली (माझी आजी वेंगुर्ल्याची, त्यामुळे अप्पांना येतं) आणि मग काय, तो उभाच राहिला गप्पा मारत. त्याचे आजोबा खाणीवर होते, रेडीच्या लोखंडाच्या खाणीवर, जिथे १९७६ मध्ये गणपतीची मूर्ती सापडली. तो म्हणाला, लहानपणी आम्ही इथे किल्ल्यात यायला घाबरायचो, आता माझी ड्युटीच इथे आहे. बांगडा तळून आणला त्यानं, सोलकढी आणली, पोई (गोव्याकडचा पाव) आणली गरम. मेन्यूत बाकी बरंच काही होतं पण आम्हाला दुसरं काही नको होतं.

आणि मग रात्र. यासाठी मी आले होते खरं तर. दिवसा जे लोक नुसते किल्ला बघायला येतात ते गेले, फेरीचा आवाज थांबला, सातच रूम त्यामुळे माणसंही मोजकी, आणि मग खाली खडकांवर लाटा आपटतात त्याचा आवाज भिंतीतून यायला लागला. खिडकीतून नाही, भिंतीतून. उशीवर डोकं ठेवलं की एक घुमणारा आवाज, थांबतो, परत येतो. लांब समुद्रावर ट्रॉलरचे दिवे होते, रांगेत. मी कोनाड्यात बसून ते मोजत होते आणि मनात येत होतं की इथे पहाऱ्यावर बसलेल्या शिपायाला असे दिवे दिसले की त्याच्या पोटात काय झालं असेल. त्याच्यासाठी समुद्रावरचा प्रत्येक दिवा म्हणजे एक प्रश्न, आपला की परका? आणि तो शिपाई तरी कोण, आधी सावंतांचा, मग पोर्तुगीजांचा, पण माणूस बहुतेक इथलाच, आजूबाजूच्या गावातला, पगार देणारा बदलला एवढंच. अप्पा जागेच होते. अंधारातून म्हणाले, "दिवे मोजतेस ना? मीही मोजतोय."

दुसऱ्या दिवशी मी एकटी फेरीनं केरीला गेले, अप्पांना उन्हात नको होतं. जाताना काही नाही, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. किनाऱ्यावर फिरले, सुरूच्या सावलीत बसले, आणि परत धक्क्यावर आले तर फेरी पलीकडेच उभी, हलायचं नाव नाही. तिथे जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "सुकती लागली मां, आता थांबाक होया." सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की नदीच्या तोंडाशी वाळू वर येते आणि फेरी लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गाडी करून किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्यात, तिथून रेडी आणि मग तेरेखोल, म्हणजे समोर हात लांब केला तर लागेल असं वाटणाऱ्या किल्ल्यात जायला दोन राज्यांतून वळसा. मी म्हटलं थांबू. अप्पांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "थांब की मग. इतक्या वर्षांत किती सैन्यं थांबली असतील तिथे."

आणि मी थांबले ते फार बरं झालं, कारण किल्ला कुठे आणि का बांधलाय हे त्या बाजूनं बघितल्याशिवाय कळतच नाही. आत राहत असताना तुम्हाला समुद्र दिसतो, देखावा दिसतो. केरीच्या वाळूवर बसलात की तुम्हीच त्या देखाव्यात असता, उघड्यावर, आणि वरून तो बघत असतो. लपायला काही नाही. नदीत शिरायचं तर त्याच्या नाकाखालूनच, आणि भरतीलाच, म्हणजे केव्हा येणार हेही त्याला आधीच ठाऊक. एकेकाळी इथे बारा तोफा होत्या म्हणतात, एवढ्याशा तोंडावर बारा खूप झाल्या. माझ्यासमोर वाळूचा पट्टा हळूहळू वर आला, त्यावर बगळे उतरले, मग दोनेक तासांनी परत पाणी चढलं, बगळे उडाले आणि तेव्हा फेरीचं इंजिन सुरू झालं. काकांनी तोवर जाळ्यातली एक मोठी फाटलेली जागा पूर्ण विणून काढली होती, प्लास्टिकच्या सुईनं, एकदाही वर न बघता.

परत आले तर अप्पा रूममध्ये नव्हते. दरवाज्यापाशी सापडले, हुतात्म्यांच्या स्मारकाजवळ, चपला काढून उभे.

आता हे मला माहीत असायला हवं होतं आणि नीट माहीत नव्हतं. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक तुकडी या किल्ल्यात शिरली आणि त्यांनी इथे तिरंगा लावला. भारत स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली होती आणि इथे अजून पोर्तुगाल होता! त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. पुढच्या वर्षी, १९५५ च्या सत्याग्रहात, हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हे दोघं तेरेखोलला हुतात्मा झाले. हातात शस्त्र नव्हतं. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला, त्यांना जाऊन सहा वर्षं झाल्यावर. अप्पा स्वतः शाळेत मास्तर होते, त्यामुळे "गुरुजी" हा शब्द त्यांनी जरा थांबून उच्चारला. म्हणाले, "मास्तर माणूस, पोरांना शिकवायचं सोडून इथे आला, चालत." त्याहून पूर्वीचीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, बर्नार्दो पेरिस द सिल्वा नावाचा गोव्यातच जन्मलेला माणूस १८३५ मध्ये पोर्तुगीजांनी गोव्याचा प्रमुख म्हणून नेमला आणि इथल्या गोऱ्यांना ते सहन झालं नाही, काही दिवसांतच त्याला हटवलं. त्याच्या बाजूच्या लोकांनी हा किल्ला धरला होता, त्यांचा शेवट फार वाईट झाला. चर्चच्या त्याच अंगणातून मी सकाळी चहाचा कप हातात घेऊन चालत गेले होते.

मग मी त्यांना विचारलंच, की अप्पा, मग इथे आपण राहतोय ते चुकतंय का आपलं? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. जेवताना दिलं. त्यांचं म्हणणं असं, आणि मी त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते, की किल्ल्यात माणसं राहायचीच, किल्ला त्यासाठीच असतो, सिंधुदुर्गात अजून घरं आहेत, शिवराजेश्वराची पूजा होते, म्हणून तो जिवंत वाटतो. माणूस राहिला की कौल फुटलं तर दिसतं, मूळ फुटलं तर उपटलं जातं. प्रश्न राहण्याचा नाही. दार कोणाला बंद होतं हा आहे. इथे गावाचं चर्च गावाकडे आहे, स्मारक दारात आहे, रेडीचा पोरगा कामाला आहे, तोपर्यंत ठीक. ज्या दिवशी गावातल्या माणसाला दारात अडवतील त्या दिवशी हा किल्ला परत परक्याचा झाला असं समजायचं.

मला हे पटलं, पण एका गोष्टीवर आमचं जमलं नाही आणि अजून जमलेलं नाही. मी म्हटलं मग यशवंतगडावर पण असंच करावं, दोन-चार खोल्यांना छप्पर घालून लोकांना राहू द्यावं, निदान पडायचा तरी थांबेल. अप्पा म्हणाले नाही, तिथे नाही. का ते नीट सांगता येईना त्यांना, मलाही विचारवेना. जुलै २०२५ मध्ये आपले सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी धरून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले होते, पेपरचं कात्रण अजून पाकिटात आहे. पण बाराच्या बाहेर जे शेकडो राहिले त्यांचं काय, यशवंतगडाचं काय, हे मी विचारते तेव्हा ते गप्प होतात. हॉटेल नको तर नको, पण चुना तरी लागायला हवा, मुळं तरी काढायला हवीत, आणि तेही माहितगार माणसाकडून, नाहीतर मूळ ओढायला जावं आणि भिंतच खाली यावी. ही मुळं एव्हाना भिंतीचा आधारही झालेली असतात.

कोणी जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. केरीची फेरी भरती-ओहोटी बघूनच धरा, हॉटेलात विचारलंत की वेळ सांगतात. गाडीनं सावंतवाडीकडून येणार असाल तर यशवंतगड आधी करा आणि सकाळी करा, नंतर केलात तर उन्हात जीव जातो. पायात बूट हवेत, गवतात दगड दिसत नाहीत. आणि रूम मिळाली तर समुद्राकडची मागा, पण खिडकीच्या कोनाड्यात बसता येतंय ना ते बघून घ्या.

निघताना अप्पांनी त्या रेडीच्या मुलाला विचारून घेतलं की फेस्त कधी असतं. मे महिन्यात असतं म्हणाला. "तेव्हा रूम नको," अप्पा मला म्हणाले, "तेव्हा गावाबरोबर दारातून आत जाऊ आणि संध्याकाळी परत येऊ."